पूर, यात्रा आणि घाट: आपत्तीच्या कामाला डिजिटल वॉकीटॉकी घ्यावेत की अ‍ॅनालॉग?

पंचगंगाकाठ | मंगळवार, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी,

आमच्या भागातल्या एका आपत्ती निवारण यंत्रणेचे वॉकीटॉकी बदलायचे आहेत. सध्याचे संच अ‍ॅनालॉग व्हीएचएफ, बरेच जुने. बॅटऱ्या अर्ध्या दिवसात मान टाकतात, सुटे भाग मिळायचे बंद झालेत. नव्या खरेदीच्या तांत्रिक अटींचा कच्चा मसुदा माझ्याकडं वाचायला आलाय. त्यात एकच ओळ आहे: ‘सर्व संच डिजिटल असावेत.’ का असावेत, कुठल्या मानकाचे असावेत, जुन्या संचांशी बोलणार का, यावर अवाक्षर नाही.

वापर कुठं होणार ते सांगतो. पावसाळ्यात शिरोळ तालुक्यातली कृष्णाकाठची गावं, इकडं प्रयाग चिखली आणि आंबेवाडी. चैत्रात जोतिबा, भाद्रपदात विसर्जन, आश्विनात अंबाबाईचा नवरात्र. अधूनमधून गगनबावडा नाहीतर आंबा घाटात दरड. म्हणजे लांबच लांब पाणी, खच्चून गर्दी, शहरातल्या चिंचोळ्या पेठा आणि डोंगर, सगळं एकाच संचानं निभवायचं.

राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका, हे इथल्या पोरासोरांना पाठ आहे. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, २०२१ ला ५६ च्या. दोन्ही वेळा महामार्ग शिरोलीजवळ बंद पडला, वीज गेली आणि विजेपाठोपाठ मोबाइलचे टॉवरही ठिकठिकाणी बसले. अशा वेळी हातात उरतो तो वायरलेस.

माझा कल अ‍ॅनालॉगकडं आहे. आवाज खरखरीत आला तरी चालेल, पण तो आला पाहिजे. पोलीस, अग्निशमन, बचाव पथक, हॅम (परवानाधारक हौशी रेडिओवाले), कुठंही ज्यांनी हे संच वापरलेत त्यांनी लिहा. विरोधी मत असेल तर जास्तच हवं आहे.

तांबडा_पांढरा | मंगळवार, रात्री ९.३२

डिजिटल घ्या. आवाज स्वच्छ, बॅटरी जास्त, जीपीएस, मेसेज, सगळं आलं. आणि अ‍ॅनालॉगचे सुटे भाग आजच मिळेनात म्हणता, मग आणखी दहा वर्षांनी काय करणार भावा?

अँटेनावाला | मंगळवार, रात्री १०.१५

माझ्याकडं हॅम परवाना आहे, दोन्ही प्रकारचे संच रोज हाताळतो. आधी मूळ फरक सांगतो, मग बाजू घेतो.

अ‍ॅनालॉग एफएममध्ये तुमचा आवाज जसाच्या तसा लहरींवर चढतो. सिग्नल कमी होत गेला की खरखर वाढत जाते, पण शब्द बराच वेळ तग धरतात. सवयीचा कान त्यातूनही ‘माडीवर आठ जण, एक बाळंतीण’ एवढं उचलतो. स्क्वेल्चनं, म्हणजे क्षीण सिग्नलला स्पीकर बंद करणाऱ्या सोयीनं, आवाज तुटत असेल तर मॉनिटर बटण दाबून धरायचं, अगदी क्षीण सिग्नलसुद्धा ऐकू येतो.

डिजिटलमध्ये आवाजाचे आकडे होतात. डीएमआर या डिजिटल मानकाच्या संचात एएमबीई प्लस टू नावाचा व्होकोडर बोलणं दाबून लहान करतो, सोबत चुका दुरुस्त करणारी माहिती जोडतो. त्यामुळं सिग्नल निम्म्यावर आला तरी पलीकडं आवाज स्वच्छच. पण दुरुस्तीची मर्यादा ओलांडली की आधी रोबोटासारखे तुकडे येतात आणि लगेच शांतता. तिथं मॉनिटर बटण उपयोगाचं नाही. म्हणजे काठावरच्या पट्ट्यात दोघांचा स्वभाव वेगळा आहे: डिजिटल जवळजवळ शेवटपर्यंत नीट चालतं आणि एकदम जातं, अ‍ॅनालॉग आधीपासून कुरकुरतं आणि हळूहळू जातं. बचावाच्या कामात हळूहळू जाण्याला मोल आहे. माणसाला कळतं की आपण टप्प्याबाहेर चाललोय, तो चार पावलं मागं येतो, नाहीतर गच्चीवर चढतो.

आता डिजिटलची बाजू. डीएमआर हे युरोपातल्या ईटीएसआय संस्थेचं मानक, २००५ पासूनचं. १२.५ किलोहर्ट्झच्या एकाच चॅनलवर ते ३० मिलिसेकंदांचे दोन आळीपाळीचे कप्पे पाडतं, म्हणजे एका रिपीटरवरून (सिग्नल पकडून पुन्हा पुढं पाठवणारं यंत्र) एकाच वेळी दोन संभाषणं होतात. संच बोलताना निम्मा वेळच प्रक्षेपण करतो, म्हणून बॅटरी खरोखर जास्त पुरते. तांबडा_पांढरा यांचं ते म्हणणं बरोबर आहे. मात्र रिपीटरशिवाय थेट संच ते संच बोलताना दोन संभाषणांचा फायदा सहसा मिळत नाही.

शिरोळकर | मंगळवार, रात्री १०.४८

वरच्या प्रतिसादाला दुजोरा. पुरात बोटीवर होतो. रबरी बोट, मागं ओबीएम (बोटीचं इंजिन), त्यात पाऊस. ओबीएम चालू असताना डिजिटल संचावरून बोललं की पलीकडच्याला शब्दांचा भुगा ऐकू जायचा. इंजिन बंद केलं की लख्ख. पण धारेत इंजिन बंद कसं करणार? बोट ऊसात नाहीतर विजेच्या तारांवर जाते. तारा तर हाताच्या अंतरावर आलेल्या असतात.

आमच्या पथकाकडं दोन्ही जातीचे संच होते. शेवटी बोट ते काठ अ‍ॅनालॉग आणि काठ ते तालुका डिजिटल, असं आपोआप ठरून गेलं. कुणी आदेश काढला नव्हता.

खासबाग_आखाडा | मंगळवार, रात्री ११.०२

आमच्या पेठेत वॉकीटॉकी लागतच नाही. आमच्या वस्तादांनी पंचगंगा घाटावरनं हाक मारली की शिवाजी पुलापलीकडचं पोरगं जोर मारायचं थांबतंय. रेंजचा विषयच नाही.

रंकाळ्याची_संध्या | मंगळवार, रात्री ११.०५

@खासबाग_आखाडा वस्तादांच्या बॅटरीला दोन लिटर दूध आणि थंडाई लागते, ती अट टेंडरमध्ये बसवा आधी.

लाल_गाडी | बुधवार, सकाळी ७.२०

अग्निशमन सेवेतून निवृत्त झालोय. शिरोळकरांनी लिहिलेला गोंगाटाचा मुद्दा आमच्या क्षेत्रात जगभर गाजलेला आहे, तो सविस्तर लिहितो.

व्होकोडर माणसाच्या आवाजासाठी बनवलेला असतो. इंजिन, पंप, करवत, बीए सेटची (धुरात श्वास घ्यायचं उपकरण) हवा संपत आल्याची शिट्टी असा आवाज बोलण्यात मिसळला की तो त्यालाही बोलणं समजून आकड्यांत बसवायला बघतो, आणि दोन्ही बिघडतात. अमेरिकेतल्या अग्निशमन प्रमुखांच्या संघटनेनं यावर खास अभ्यासगट नेमला होता. २००८ साली तिथल्या एनटीआयए या सरकारी संस्थेनं प्रयोगशाळेत चाचण्या घेतल्या. मुखवटा घालून, मागं करवत, पाण्याचा फवारा, धोक्याच्या घंटा वाजवून तेच शब्द अ‍ॅनालॉग आणि डिजिटल संचांवरून ऐकवले. काही प्रकारच्या गोंगाटात अ‍ॅनालॉग सरस ठरला. हे त्या काळातल्या पी२५ या अमेरिकन डिजिटल मानकाच्या संचांबद्दल. पुढच्या पिढीत गोंगाट दाबायची सोय बरीच सुधारली आहे, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं.

न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलानं मार्च २००१ मध्ये नवे डिजिटल संच गाड्यांवर दिले. थोड्याच दिवसांत आगीत अडकलेल्या एका जवानाची मदतीची हाक बाहेरच्यांना नीट ऐकू गेली नाही, आणि सगळे संच परत घेऊन जुने अ‍ॅनालॉग पुन्हा वाटले. म्हणजे ११ सप्टेंबरला त्यांच्या हातात जुनेच होते. पण इथंच थांबून अ‍ॅनालॉगचा जयजयकार करू नका. त्या दिवशी वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या उंच मनोऱ्यांसाठी रिपीटर बसवलेला होता. उत्तर मनोऱ्यात प्रमुखांना तो चालत नाही असं वाटलं, आणि चौकशी आयोगाच्या २००४ च्या अहवालाप्रमाणं बहुधा पॅनेलवरचं एक बटण दाबलेलं नव्हतं. दक्षिण मनोऱ्यात गेलेल्यांनी तोच रिपीटर चॅनल वापरला. संच कुठला हे जितकं महत्त्वाचं, तितकंच तो कसा चालतो हे रात्री-अपरात्री सगळ्यांना माहीत असणं महत्त्वाचं.

आणि एक सवय लावा: माइक तोंडापासून दोन इंचांच्या आत, इंजिनाकडं पाठ, बटण दाबून क्षणभर थांबून मग बोलायचं. डिजिटलमध्ये हे न केल्यास पहिलाच शब्द गिळला जातो. आणि पहिला शब्द बहुतेक वेळा गावाचं नाव असतं.

कंट्रोल_ड्यूटी | बुधवार, दुपारी १.४०

सगळे बोटीवरून बोलताहेत, टेबलापलीकडून मी बोलते. मोठ्या यात्रांच्या बंदोबस्तात कंट्रोलला बसलेय. माझं मत स्पष्ट डिजिटलच्या बाजूचं आहे.

अ‍ॅनालॉगवर एका चॅनलला सगळी ठाणी, सगळे पॉइंट. दोघं एकदम बोलले की नुसती शिट्टी. कोण बोललं, कुठून बोललं, काही कळत नाही. ‘कंट्रोल कॉलिंग, आत्ता बोलणारा पॉइंट परत सांगा’ यातच मिनिटं जातात. जोतिबाला सासनकाठ्या निघतात तेव्हा पायऱ्यांवर रेटारेटी व्हायला मिनिटसुद्धा लागत नाही.

आणखी एक त्रास, वापरणाऱ्या प्रत्येकाला माहीत असेल. कुणीतरी संच खिशात घालून खुर्चीवर बसतो, बटण दाबलं जातं आणि अख्खा चॅनल अडतो. अ‍ॅनालॉगवर तो माणूस शोधायला सगळ्या पॉइंटना फोन करावे लागतात. डिजिटलवर माझ्या पडद्यावर संचाचा नंबर लगेच दिसतो. हरवलेला संच दूरून बंद करता येतो. लाल इमर्जन्सी बटण दाबलं की नाव, नंबर, जीपीएस असेल तर ठिकाणसुद्धा. गर्दीत पडलेल्या हवालदाराला ‘मी कुठं आहे’ हे बोलून सांगायची वेळच येऊ नये.

पंचगंगाकाठ, ‘आवाज आला पाहिजे’ हे पटलं. पण कुणाचा आला हेही कळलं पाहिजे ना?

अँटेनावाला | बुधवार, दुपारी २.२५

@कंट्रोल_ड्यूटी ताई, संचाचा नंबर अ‍ॅनालॉगवरही पाठवता येतो, बोलण्याआधी किंवा नंतर छोटा टोन-संदेश जातो. सलग बोलण्याची वेळमर्यादाही दोन्हींत घालता येते, ठरलेल्या सेकंदांनंतर संच स्वतःच प्रक्षेपण तोडतो. तरी तुमचं म्हणणं मान्य. डिजिटलमध्ये या गोष्टी मुळातच विणलेल्या आहेत, अ‍ॅनालॉगला त्या वरून चिकटवाव्या लागतात.

कंट्रोल_ड्यूटी | बुधवार, दुपारी २.५०

चिकटवलेल्या आहेत म्हणूनच प्रत्यक्षात कुणी चालू करत नाही.

गगनबावड्याचा_पाऊस | बुधवार, सायंकाळी ६.१०

घाटाबद्दल कुणीच बोलेना म्हणून लिहितो. करूळ आणि भुईबावडा घाटात एका वळणावर लागतं, पुढच्या वळणावर ठार. तिथं डिजिटल आणा नाहीतर सोन्याचा संच आणा, मधे डोंगर आहे तो आहेच. आमच्यात एक माणूस कड्यावर उभा करतात, तो खालचं ऐकून वर सांगतो.

अँटेनावाला | बुधवार, सायंकाळी ७.३०

@गगनबावड्याचा_पाऊस तुम्ही नेमकं मर्मावर बोट ठेवलंत. तो कड्यावरचा माणूस म्हणजे चालताबोलता रिपीटर.

इथं थोडं गणित करू. अँटेना जमिनीपासून जितके मीटर उंच, त्या आकड्याचं वर्गमूळ काढून त्याला ४.१२ नं गुणलं की साधारण किती किलोमीटरवर रेडिओ क्षितिज येतं ते मिळतं. काठावर २५ मीटरचा मास्ट (अँटेनाचा खांब) उभा केला तर सुमारे २० किलोमीटर. बोटीतल्या माणसाच्या छातीशी, दीड मीटरवर असलेल्या संचाला जेमतेम ५. मधला ऊस, झाडी, घरं यात अजून कमी होतं. तुम्ही डिजिटल घ्या की अ‍ॅनालॉग, हा आकडा बदलत नाही. तो उंचीनं बदलतो.

म्हणून मी म्हणेन की पन्हाळा-जोतिबाच्या डोंगरावरून शिरोळचं मैदान कुठपर्यंत झाकलं जातं आणि गगनबावड्याकडच्या दऱ्यांना वेगळी जागा लागते का, हे आधी फिरून मोजा. फ्रिक्वेन्सीचा पट्टाही बघा. व्हीएचएफ झाडी आणि डोंगराळ भागात जरा चांगला वळतो, यूएचएफ सिमेंटच्या इमारतींत खिडक्या-जिन्यांतून चांगला शिरतो. नुसत्या पावसाचा या दोन्हींवर फरक पडत नाही. ओल्या झाडीचा पडतो, आणि तो यूएचएफला जास्त.

आणि रिपीटरची वीज! वीज गेल्यावर रिपीटर किती तास बोलेल हे मसुद्यात आहे का? साधा ४०-५० वॅटचा रिपीटर बोलताना १० अँपिअरच्या आसपास ओढतो. १०० अँपिअर-तासांची बॅटरी सतत बोलण्यात दहा तासांतच संपेल, आणि पुरात रिपीटर सततच बोलत असतो. सोलर आणि मोठी बॅटरी बँक, शिवाय डिझेल डोंगरावर कोण कसं पोचवणार, हे लिहिलेलं हवं.

पंचगंगाकाठ | बुधवार, रात्री ८.०५

मसुद्यात विजेवर एक शब्दही नाही. उद्याच लिहून देतो.

आयटी_पार्क_शोधतोय | बुधवार, रात्री ८.४०

सिमकार्डवाले वॉकीटॉकी का नको? रिपीटर नको, मास्ट नको, परवान्याची कटकट नको. कोल्हापुरातून थेट मुंबईशी बोला. आमच्या कंपनीच्या सुरक्षारक्षकांकडं आहेत, मस्त चालतात.

शिरोळकर | बुधवार, रात्री ८.५२

टॉवर चालू आहे तोवर मस्त. धागा पहिल्यापासून वाचा की राव.

लाल_गाडी | बुधवार, रात्री ९.१५

जादा म्हणून ठेवायला हरकत नाही. पूर यायच्या आधीच्या तयारीत, जिल्ह्याबाहेरच्या अधिकाऱ्यांशी बोलायला ते सोयीचे आहेत. पण ज्या साधनाचा पाया मोबाइलचा टॉवर आहे, ते टॉवर पडल्यावरच्या कामासाठी घेणं म्हणजे पुरात वाहून जाणाऱ्या पुलावर रुग्णवाहिका उभी करून ठेवण्यासारखं आहे. कृपया मूळ संच म्हणून याचा विचारही करू नका.

मंगळवार_पेठ_मंडळ | गुरुवार, सकाळी १०.३०

आमच्या मंडळाची पोरं विसर्जनाला आणि पुरात दोन्हीकडं असतात. ऑनलाइन स्वस्तात जोडी मिळते, व्हीएचएफ-यूएचएफ दोन्ही. तेच घेऊन यंत्रणेच्या फ्रिक्वेन्सीला लावले तर चालेल का? अ‍ॅनालॉग ठेवलं तर आम्हालाही मदत करता येईल.

अँटेनावाला | गुरुवार, सकाळी ११.१०

नाही चालणार, आणि हे गंभीर आहे. आपल्याकडं वायरलेस संच वापरायला दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेचा परवाना लागतो, फ्रिक्वेन्सीही तीच देते. विनापरवाना वापरासाठी ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ हा चिंचोळा पट्टा २०१८ च्या नियमांनी मोकळा केला आहे, तोही कमी ताकदीच्या, प्रकार-मान्यता असलेल्या संचांसाठी. ऑनलाइन मिळणारे बरेचसे संच यात बसत नाहीत. म्हणूनच केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं २०२५ मध्ये ई-कॉमर्स कंपन्यांना नोटिसा दिल्या आणि विक्रीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या.

कायदा बाजूला ठेवला तरी धोका आहे. तुमचा एक संच चुकून बचाव चॅनलवर बोलत राहिला तर बोटीवरच्या माणसाची हाक दबते. मंडळांनी ४४६ चे मान्यताप्राप्त संच आपापसात वापरावेत, आणि यंत्रणेचा एक माणूस यंत्रणेचा संच घेऊन मंडळाबरोबर उभा राहावा.

मंगळवार_पेठ_मंडळ | गुरुवार, सकाळी ११.२५

समजलं दादा. ४४६ चेच घेतो.

विज्ञानवेडी | गुरुवार, दुपारी १२.४५

गुप्ततेचा मुद्दा कुणी घेतला नाही. अ‍ॅनालॉग कुणीही ऐकू शकतं. पोलिसांचं बोलणं, जखमींची नावं, सगळं उघडं. डिजिटलमध्ये एईएस-२५६ सारखं कूटलेखन मिळतं. अर्थात कूटलेखन म्हटलं की निर्धास्त झालो असंही नाही. २०२३ मध्ये नेदरलँड्सच्या मिडनाइट ब्लू या कंपनीच्या संशोधकांनी टेट्रा या आणखी एका डिजिटल मानकाच्या संचांतल्या टीईए१ या कूटलेखन पद्धतीतली त्रुटी उघड केली. ८० बिटांची म्हणून सांगितलेली किल्ली आतून ३२ बिटांवर आणलेली निघाली, आणि एवढी किल्ली साध्या संगणकालाही फोडता येते.

कंट्रोल_ड्यूटी | गुरुवार, दुपारी १.३०

बंदोबस्ताच्या चॅनलला कूटलेखन हवंच. गर्दीत अफवा पसरायला एक अर्धवट ऐकलेलं वाक्य पुरतं.

शिरोळकर | गुरुवार, दुपारी २.१०

आणि पुराच्या चॅनलला नकोच. बाहेरून आलेल्या पथकाकडं किल्ली नसली तर ते आपल्याला ऐकूच शकत नाही. २०१९ ला एनडीआरएफ, लष्कर, नौदल, सगळे आले होते. जो तो आपापल्या संचावर. गावातला रस्ता कुठं वळतो, विहीर कुठं बुडालीय हे त्यांना सांगायला आमचा माणूस त्यांच्या बोटीत बसवायला लागायचा. तो बसायचाही आनंदानं, पण मग काठावर एक माणूस कमी.

लाल_गाडी | गुरुवार, दुपारी ३.४५

शिरोळकरांनी धाग्याचा गाभाच सांगितला.

अ‍ॅनालॉग एफएममध्ये दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे संच एकमेकांशी बोलायला फ्रिक्वेन्सी, चॅनलची रुंदी आणि हवा तर सीटीसीएसएस टोन (आपल्याच गटाचं बोलणं ओळखणारा बारीक सूर) जुळला की झालं. डिजिटलमध्ये आधी मानकच एक हवं. डीएमआरवाला पी२५ ला ऐकत नाही, पी२५ वाला टेट्राला ऐकत नाही. दोघंही डीएमआर असले तरी कलर कोड, टाइम स्लॉट, टॉकग्रुप, या सेटिंगांतलं एक चुकलं की समोरासमोर उभे राहून दोघं मुके. भर पावसात, रात्री दोन वाजता, लॅपटॉप आणि प्रोग्रॅमिंग केबल घेऊन कोण बसणार?

पोलीस बिनतारी समन्वयासाठी केंद्रीय गृह मंत्रालयाचं डीसीपीडब्ल्यू हे संचालनालय १९४६ पासून आहे. राज्याच्या पोलीस बिनतारी विभागाचं मुख्यालय पुण्यात आहे. जिल्ह्यानं त्यांच्याशी पावसाळ्याआधी बसून सगळ्यांच्या संचात एक सामाईक अ‍ॅनालॉग, बिनकूट, रिपीटरशिवायचा चॅनल भरून घ्यावा. सगळ्यांच्या संचात एकाच नंबरवर. अंधारात नॉब फिरवून सापडला पाहिजे.

तांबडा_पांढरा | गुरुवार, सायंकाळी ५.००

मग फिरून डिजिटलच आलं की! आजकालचे डीएमआर संच दोन्ही चालवतात. चॅनल एक ते दहा डिजिटल, अकरावा अ‍ॅनालॉग. रिपीटरसुद्धा येणारा सिग्नल बघून आपोआप बदलणारे मिळतात.

अँटेनावाला | गुरुवार, सायंकाळी ५.४०

हो, आणि मीही तिकडंच आलोय. फक्त दोन गोष्टी. एक, मिश्र रिपीटरवर अ‍ॅनालॉग बोलणं चालू असताना दोन्ही डिजिटल कप्पे अडकतात, तेव्हा यात्रेसाठी आणि पुरासाठी एकच रिपीटर गृहीत धरू नका. दोन, ‘दोन्ही चालतं’ हे माहितीपत्रकात लिहिलेलं पुरेसं नाही. आपल्या जुन्या संचांशी प्रत्यक्ष बोलून दाखवा म्हणावं.

पन्हाळ्यावरचं_धुकं | गुरुवार, रात्री ९.२०

अवांतर: २०२१ ला आमचे पाहुणे आंबेवाडीत अडकले होते. फोन लागेना. गावातल्या एका पोराजवळ बचाव पथकाचा संच होता, त्यानं रात्रभर एकेका घराचा निरोप पोचवला. तो संच कुठल्या जातीचा होता हे आम्ही विचारलंही नाही. त्या पोराला मात्र दर वर्षी दिवाळीचा फराळ जातो.

रंकाळ्याची_संध्या | गुरुवार, रात्री ९.३५

@पन्हाळ्यावरचं_धुकं वाचून बरं वाटलं. फराळात माझ्याकडचं पण एक ताट धरा.

खरेदी_विभाग | शुक्रवार, सकाळी १०.५०

सरकारी खरेदीत आयुष्य गेलं. पंचगंगाकाठ, संचाच्या किमतीवर अडकू नका, पैसा मागाहून दुसरीकडंच जातो. दर संचामागं दोन बॅटऱ्या आणि गाडीच्या १२ व्होल्टवर चालणारे चार्जर मागा. प्रोग्रॅमिंगचं सॉफ्टवेअर, केबल, आणि भरलेल्या चॅनलांची फाइल यंत्रणेच्या ताब्यात राहील हे करारात लिहा. हे राहून गेलेल्या एका ठिकाणी पुढं एक टोन बदलायलासुद्धा पुरवठादाराचा माणूस बोलवावा लागायचा. पाण्याचं प्रमाण आयपी६७ पेक्षा कमी घेऊ नका, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. मात्र त्यात माइकची पिन आणि बॅटरीचा खाचा धरलेला आहे का, ते विचारा. आणि बोटीवरच्या संचांना तरंगणारी दोरी लावा. आयपी६७ संच बुडून खराब होत नाही, पण बुडतोच.

बॅटरीचं वय लेबलवर टाका. दोन-तीन पावसाळे झालेली बॅटरी यात्रेच्या कामाला लावा, पुराला नवी.

गगनबावड्याचा_पाऊस | शुक्रवार, दुपारी १२.१५

बटणं मोठी मागा. हातमोजा घालून, थंडीनं बोटं आखडलेली असताना दाबता आली पाहिजेत. आमच्याकडं जून ते सप्टेंबर कुणाची बोटं सरळ नसतात.

पंचगंगाकाठ | शनिवार, रात्री ९.४५

सगळ्यांचे आभार. चार दिवसांत मसुदा बराच बदलला. ‘सर्व संच डिजिटल असावेत’ ही ओळ काढली. त्याऐवजी डीएमआर आणि अ‍ॅनालॉग दोन्ही चालवणारे व्हीएचएफ संच मागितलेत. बोट ते काठ आणि घाटातलं काम अ‍ॅनालॉग, थेट संच ते संच, बिनकूट. कंट्रोल आणि यात्रेचा बंदोबस्त डिजिटल, संचाचा नंबर आणि इमर्जन्सी बटणासह. सामाईक चॅनल सगळ्यांच्या संचात शेवटच्या नंबरवर, म्हणजे नॉब उजवीकडं टोकापर्यंत फिरवला की तोच. रिपीटरच्या विजेचं वेगळं कलम घातलंय. पेठांतल्या इमारतींत व्हीएचएफ कमी पडला तर गाडीत ठेवायचा छोटा रिपीटर, असा पर्यायही मांडलाय.

बैठकीत एकानं विचारलं की दोन्हीचा खर्च कशाला, पूर काही दर वर्षी येत नाही. मी २०१९ आणि २०२१ मधलं अंतर सांगितलं.

आता एक शेवटचा प्रश्न: पुरवठादार नमुना संच घेऊन येणार आहेत. चाचणी कशी घ्यायची? त्यांचा आग्रह सभागृहात दाखवण्याचा आहे.

कंट्रोल_ड्यूटी | शनिवार, रात्री १०.०५

सभागृहात सगळेच संच छान बोलतात. अंबाबाईच्या देवळाबाहेर शुक्रवारी संध्याकाळी चाचणी घ्या. वापरणारे शिपाई आणि होमगार्डच बोलू देत, पुरवठादाराच्या माणसाच्या हातात संच देऊ नका.

शिरोळकर | शनिवार, रात्री १०.२०

आणि दुसरी चाचणी बोटीवर. नृसिंहवाडीच्या संगमावर या, बोट आम्ही देतो. ओबीएम पूर्ण चालू ठेवून गावांची नावं सांगायची, काठावरच्यानं कागदावर लिहायची. कुरुंदवाड, खिद्रापूर, राजापूर, आलास, बुबनाळ, औरवाड, गौरवाड. शेवटची दोन ज्या संचावर वेगळी ऐकू येतील, तो संच पास.

लाल_गाडी | शनिवार, रात्री १०.२८

ही चाचणी अमेरिकेतल्या प्रयोगशाळेपेक्षा चोख आहे. फक्त लिहिणारा माणूस शिरोळ तालुक्याबाहेरचा ठेवा, नाहीतर तो अंदाजानंच बरोबर लिहील.

पंचगंगाकाठ | शनिवार, रात्री १०.४०

ठरलं. लिहायला गगनबावड्याचा माणूस आणतो. तारीख नक्की झाली की इथंच कळवेन.